पाठीवरची हवा

वाचकहो, मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी मालवणच्या धक्क्यावर जाऊन उभे राहा. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा तट नुकताच पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामास आरंभ झाला. साडेतीन शतके उलटून गेली, तरी कोवळ्या उन्हात तो तट अजून ओलाच वाटतो. दांडीच्या किनाऱ्यावर रापणीची माणसे दोर ओढत असतात, बांगड्याच्या पाट्या वाळूवर उतरत असतात, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांभोवती सहलीच्या मुलांचा गलका असतो. आणि या जुन्या गजबजाटात गेल्या काही वर्षांत एका नव्या आवाजाची भर पडली आहे. एक टेम्पो येऊन थांबतो, मागचा फळका पडतो आणि धातूवर धातू आपटल्याचा जड, बद्द आवाज होतो. पिवळ्या, रुपेरी, खरचटलेल्या टाक्या एकामागून एक होडीत चढवल्या जातात. स्कूबासाठी आलेल्या पाहुण्यांची ही हवा.

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात आज असंख्य कुटुंबे केवळ या एका अनुभवासाठी येतात. तुम्हीही कदाचित येऊन गेला असाल, किंवा येत्या सुट्टीत येण्याचा बेत असेल. प्रवासाला निघताना आपण किती गोष्टी पाहून घेतो! पाण्याच्या बाटलीचे सील पाहतो, खोलीतली चादर पाहतो, मासळी ताजी आहे ना हे कल्ला उघडून पाहतो. मात्र पाण्याखाली ज्या हवेवर आपला आणि आपल्या मुलांचा जीव तोललेला असतो, ती कोणी, कुठे आणि कशात भरली, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. मलाही सुचले नव्हते.

बोट लागली, की आणखी काही?

प्रथम त्या पाण्याविषयी सांगितले पाहिजे, कारण त्याची ओढ खोटी नाही. किल्ल्याच्या आसपासचा समुद्र उथळ आणि खडकाळ आहे. १९८७ मध्ये या परिसराला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी बऱ्यापैकी निवळलेले असते. पाच-सात मीटर खाली गेले, की वरचा सारा गलका एकदम थांबतो आणि कानात फक्त आपलाच श्वास उरतो. आत घेताना सूं असा, सोडताना बुडबुड्यांचा. खडकांच्या कपारींतून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे बेफिकीरपणे आपल्या अंगावरून जातात. आयुष्यभर ज्याच्याकडे लक्ष दिले नाही, तो श्वास तेथे प्रथमच ऐकू येतो. योगाच्या वर्गात जे सहजी साधत नाही, ते समुद्र पाच मिनिटांत साधून देतो.

काही वर्षांपूर्वी माझा सोळा वर्षांचा भाचा आमच्याबरोबर होता. तो पाण्यातून वर आला तेव्हा खूप आनंदात होता. दहा मिनिटांनी त्याचे डोके ठणकू लागले, मळमळले, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत तो होडीच्या काठावर मान टाकून बसला. "बोट लागली त्याला," असे सगळे म्हणाले. आम्हीही तेच मानले. लिंबू-सरबत दिले, सावलीत निजवले. ठणका वाढतच गेला, तेव्हा जवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासता तपासता एकच प्रश्न विचारला : "टाकीत हवा कुठे भरली होती?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ज्यांनी आम्हाला नेले होते त्यांना फोन केला. त्यांनाही नीट सांगता आले नाही. टाक्या दुसऱ्याकडून भाड्याने येत, आणि भरून देणारा तिसराच कोणीतरी असे. डॉक्टरांनी भाच्याला प्राणवायू लावला. तासाभरात चेहऱ्यावर तकाकी आली, संध्याकाळपर्यंत तो उठून बसला. ते उन्हाचे होते, लाटांचे होते की हवेचे, हे सिद्ध करण्याची वेळ निघून गेली होती आणि ती टाकी केव्हाच दुसऱ्या कोणाच्या पाठीवर गेली होती. त्या उत्तर नसलेल्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही. तो प्रश्न घेऊनच मी पुढच्या वर्षी पुन्हा मालवणला गेलो.

टाकीत असते काय?

पहिला गैरसमज नावापासूनच सुरू होतो. किनाऱ्यावर सर्रास 'ऑक्सिजनची टाकी' असे म्हणतात. सहलीच्या डुबकीसाठी वापरल्या जाणाऱ्या टाकीत शुद्ध प्राणवायू नसतो. तुम्ही-आम्ही आता घेत आहोत तीच साधी हवा गाळून, सुकवून तेथे दाबून भरलेली असते. शुद्ध प्राणवायू जेमतेम सहा मीटरच्या खाली गेले, की मेंदूला विषारी ठरू लागतो आणि झटके येऊ शकतात. म्हणून कोणी अभिमानाने 'प्युअर ऑक्सिजन' म्हणत असेल, तर तो शब्दाने चुकतो आहे एवढेच खरे असावे, अशी आशा करावी.

नेहमीच्या वापरातल्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे ११ लिटर पाणी मावते. तेवढ्याच जागेत २०० बार दाबाने जवळजवळ २,२०० लिटर हवा कोंबलेली असते. तिचे नुसते वजनच अडीच किलोंहून अधिक भरते. मोटारीच्या चाकात साधारण दोन ते अडीच बार दाब असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या टाकीत काय बांधून ठेवले आहे याची कल्पना येते. चाक फुटल्याचा आवाज आपण ऐकला आहे. हा दाब त्याच्या ऐंशी ते शंभर पट आहे.

म्हणजे धोके दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. भांडे दुबळे असेल तर ते फुटते, आणि बहुधा पाण्याखाली नव्हे, तर भरताना, जेथे भरणारा मुलगा उभा असतो. हवा खराब असेल तर भांडे शाबूत राहते आणि इजा पाण्यात उतरलेल्या माणसाला होते. सुरक्षेचे सारे नियम या दोन धोक्यांभोवती फिरतात.

खांद्यावरची अक्षरे

टाकीचा वरचा, गळ्याकडे निमुळता होत गेलेला भाग म्हणजे तिचा खांदा. तेथे धातूतच ठोकलेली अक्षरे आणि आकडे असतात : बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, कोणत्या मानकाप्रमाणे बनवली ते, किती पाणी मावते, किती दाब सोसते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणीची तारीख. जन्मदाखला आणि आरोग्यपत्रिका दोन्ही तेथेच.

ही तपासणी कशी होते? टाकी रिकामी करून, व्हॉल्व्ह काढून, आत दिवा सोडून पाहतात : गंज आहे का, खड्डे आहेत का, गळ्याच्या आट्यांत चीर आहे का. मग ती पाण्याने भरून, पाण्यानेच भरलेल्या दुसऱ्या भांड्यात ठेवून, नेहमीच्या दाबापेक्षा पुष्कळ अधिक दाब देतात. धातू किंचित फुगतो. दाब काढल्यावर तो जवळजवळ पूर्ववत झाला तर टाकी धडधाकट, ठरलेल्या मर्यादेहून अधिक फुगलेला राहिला तर ती थकलेली. हवेऐवजी पाणी वापरतात, कारण पाणी फारसे दबत नाही. चाचणीत टाकी फाटलीच तरी पाणी सांडते, स्फोट होत नाही. उत्तीर्ण टाकीवर नवी तारीख ठोकली जाते.

खारे पाणी हा धातूचा जुना वैरी आहे. पोलादी टाकीत थोडे जरी समुद्राचे पाणी शिरले तरी आतून गंज धरतो. अशी टाकी भरून दीर्घकाळ पडून राहिली, तर गंजण्याच्या क्रियेतच आतला प्राणवायू खर्च होत जातो आणि काटा भरलेला दाखवत असूनही त्या हवेत प्राण उरलेला नसतो. ॲल्युमिनियम असे गंजत नाही, पण त्याचीही एक व्यथा आहे. ६३५१ या मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांना सततच्या दाबाने गळ्याशी सूक्ष्म चिरा पडतात असे आढळले. अमेरिकेत एका मोठ्या उत्पादकाने १९८८ मध्ये तो मिश्रधातू सोडला, तरी आधी बनलेल्या टाक्या जगभर फिरत राहिल्या. अमेरिकेच्या परिवहन खात्याने अशा टाक्यांसाठी विद्युतप्रवाहाने चिरा शोधणारी विशेष तपासणी सक्तीची केली. जुनी टाकी स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा.

वारा फिरतो तेव्हा

त्या दुसऱ्या फेरीत एका परिचिताच्या ओळखीने मला हवा भरण्याची एक शेड पाहता आली. माडांच्या सावलीत पत्र्याचे छप्पर, एका बाजूला कॉम्प्रेसर, भिंतीला टेकवून साखळीने बांधलेल्या टाक्या, आणि एका खिळ्याला अडकवलेली वही. मालक साठीच्या पुढचे. त्यांना सारे 'काका' म्हणत, मीही म्हटले.

काकांनी मला आधी यंत्र दाखवले नाही, वारा दाखवला. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. हे मालवणातल्या पोरासोरांना ठाऊक असते. कॉम्प्रेसर इंजिनावर चालत असेल, तर त्याचा धूर सकाळी एका दिशेला जातो. दुपारी वारा फिरला, की तोच धूर हवा ओढणाऱ्या तोंडाशी येऊ शकतो. म्हणून काकांनी हवा ओढणारा पाइप छपराच्याही वर उंच नेला होता आणि यंत्र विजेवर घेतले होते. "वीज गेली तर?" असे मी विचारले. "वीज गेली तर भरणे बंद," ते म्हणाले.

धुरातला घातक भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. यंत्रातले तेल अति तापून जळले तरी तो तयार होतो, म्हणजे वीज असली तरी निर्धास्त राहता येत नाही. कोळशाचे आणि ओलावा शोषणारे फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलावे लागतात. कोकणच्या दमट, उष्ण हवेत ते लवकर थकतात. युरोपीय मानकानुसार श्वसनाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत पाचांहून अधिक नसावा आणि तेल एका घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक नसावे. मर्यादा इतकी कडक का? कारण दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि हवेतल्या प्रत्येक घटकाचा शरीरावरचा परिणामही त्या प्रमाणात वाढतो. जमिनीवर जी अशुद्धी जाणवणार नाही, ती पाण्याखाली जाणवते.

येथे आरोग्याच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाण्याखाली प्राणवायूचाही दाब वाढलेला असल्याने हा विषार तेथे काही काळ झाकला जातो आणि वर आल्यावर उघडा पडतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे नेमकी 'बोट लागण्या'सारखी असतात. दुसरे असे, की करोनापासून घरोघर आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवतो. मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेलेच दिसते आणि आकडा ९८ येतो. म्हणून डुबकीनंतर डोके दुखत राहिले तर आकड्यावर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे आणि टाकीतून श्वास घेतला होता हे आपणहून सांगावे. शक्य तर ती टाकी तशीच बाजूला ठेवून द्यायला सांगावे. आम्ही ते केले नाही. केले असते तर त्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते.

समुद्राचा कायदा नागपुरात

काकांच्या वहीत प्रत्येक टाकीचा क्रमांक, तपासणीची तारीख आणि भरल्याचा दिवस लिहिलेला होता. "हे नागपूरवाल्यांसाठी," ते हसून म्हणाले.

या बोलण्याचा अर्थ असा. आपल्या देशात दाबाखालच्या वायूवर देखरेख ठेवणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे 'पेसो', हिचे मुख्यालय समुद्रापासून दूर, नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे. १८९८ मध्ये स्फोटक विभाग म्हणून सुरू झालेली ही यंत्रणा केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली येते. पश्चिम विभागाचे कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे. तिच्या अधिकाराचे मूळ १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्यात आहे. १९३८ मध्ये सरकारने जाहीर केले, की धातूच्या भांड्यात दाबून भरलेला वायू हा स्फोटकच मानावा. १९४० मध्ये त्यासाठी पहिले नियम झाले. ते वेळोवेळी बदलत गेले आणि २०१६ मध्ये गॅस सिलिंडर नियमांची नवी आवृत्ती आली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, नायट्रोजन आणि आर्गॉनचे सिलिंडर वैद्यकीय प्राणवायूसाठी वापरण्याची मुभा मिळाली तेव्हा याच संघटनेचे नाव आपण ऐकले होते.

या नियमांत काय आहे? मुख्य स्फोटके नियंत्रकांची मान्यता नसलेल्या बनावटीचा सिलिंडर भरू नये. ठरलेल्या मुदतीत तपासणी न झालेला सिलिंडर भरू नये. तपासणीही मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावी. व्हॉल्व्हला तेल लावू नये. भरलेले सिलिंडर चढवणे, उतरवणे किंवा वाहून नेणे या कामांवर १८ वर्षांखालील मुलांना आणि नशेतल्या माणसाला ठेवू नये. आणि चाचणीत नापास झालेला सिलिंडर नुसता बाजूला ठेवून चालत नाही. तो सपाट करून वा तुकडे करून असा नष्ट करावा, की ते तुकडे जोडून पुन्हा सिलिंडर करता येऊ नये. अपघात झाला तर मुख्य नियंत्रकांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

वाचकहो, या नियमांचे क्रियापद पाहा : 'भरू नये'. कायदा होडीवाल्याला आणि पाहुण्याला उद्देशून फारसे बोलत नाही. तो भरणाऱ्याचा हात धरतो. हे शहाणपणाचे आहे, कारण टाकी शेकडो हातांतून फिरते, पण दर वेळी तिला भरण्याच्या नळीशी परत यावेच लागते. पहाऱ्याला याहून चांगली जागा नाही. मात्र त्यामुळेच सारी मदार एका पत्र्याच्या शेडमधल्या एका माणसावर येते. नागपूरचा किंवा बेलापूरचा अधिकारी रोज सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर उभा राहू शकत नाही. तो वर्षातून एखाद्या दिवशी येईल. बाकीचे सर्व दिवस नियम पाळायचा की नाही, हे भरणाऱ्याच्या 'नाही' म्हणण्यावर ठरते.

ते 'नाही' मी त्याच दुपारी ऐकले. एक तरुण दुचाकीवर टाकी बांधून घाईघाईने आला. काकांनी खांद्यावर अंगठा फिरवला, चष्मा वर केला आणि टाकी त्याच्याकडे परत सरकवली.

"काकानू, आजचो दिस भरा. फाल्या तपासूक धाडतंय."

"फाल्याचा फाल्या बघू. तारीख सरलेली टाकी मी भरूचंय नाय."

तरुण रागावला. ऐन हंगाम, होडी भरलेली, आणि टाकी तपासणीला बाहेरगावी पाठवली तर कित्येक दिवस अडकणार. त्याची अडचण खोटी नव्हती. तो दुचाकीला लाथ मारून निघून गेला. काका काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. "दुसरीकडे जाऊन भरून घेईल, तर मी काय करणार?" ते म्हणाले. "पण माझ्या वहीत ती नसेल."

या एका वाक्यात अंमलबजावणीचे बळ आणि दुबळेपण दोन्ही आहे. एका शेडने नाकारलेली टाकी दुसरी शेड स्वीकारत असेल, तर प्रामाणिक माणूसच गिऱ्हाईक गमावतो. ते थांबवायचे असेल तर तपासणी सर्व शेडवर सारखी आणि वरचेवर झाली पाहिजे, आणि तपासणीची केंद्रे किनाऱ्याच्या जवळ आली पाहिजेत. नियम पाळणे अवघड आणि मोडणे सोपे असेल, तर केवळ दंडाने काम भागत नाही.

इतर किनाऱ्यांवर

इतरत्र काय करतात? टाकीची दाबचाचणी अमेरिकेत दर पाच वर्षांनी होते. ब्रिटनमध्येही पाण्याखालच्या टाक्यांची दाबचाचणी दर पाच वर्षांनी आणि आतून पाहणी दर अडीच वर्षांनी होते. ऑस्ट्रेलियात दर वर्षी तपासणी करण्याची रीत आहे. हवेच्या बाबतीत फ्लोरिडा राज्याची युक्ती मला विशेष आवडली. तेथे हौशी पाणबुड्यांना हवा विकणाऱ्याने दर तीन महिन्यांनी ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावी आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला सहज दिसेल अशा जागी लावावे, असा कायदाच आहे. निरीक्षक वर्षातून एकदा येतो, गिऱ्हाईक रोज येते. कायद्याने भिंतीवर एक कागद लावला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला निरीक्षक केले.

आपल्याकडे दुर्घटनेनंतर आपण जागे होतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. तेव्हा होडी, परवाना आणि लाइफ जॅकेट यांकडे साऱ्यांचे लक्ष गेले, आणि ते योग्यच होते. जॅकेट डोळ्यांना दिसते. हवा दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी विचारावे लागते.

जाण्यापूर्वी, कुटुंबासाठी

हे सारे वाचून मालवणचा बेत रद्द करू नका. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, किनाऱ्यावर मनापासून काम करणारी माणसे आहेत. फक्त होडीत चढण्यापूर्वी पाच मिनिटे द्या.

टाकीचा खांदा पाहा. तारीख रंगाने किंवा स्टिकरने झाकलेली असेल, किंवा पाच वर्षांहून जुनी असेल, तर दुसरी टाकी मागा. हवा कोठे भरली आणि तिची चाचणी केव्हा झाली, हे विचारा. सरळ उत्तर देणारा माणूस चांगला, चिडणारा नव्हे. पाण्यात उतरण्याआधी नळीतून तीन-चार श्वास घ्या : तेलाचा, जळका किंवा रबरी वास आला तर नकार द्या. वास नसणे म्हणजे हवा शुद्ध असल्याची हमी नव्हे, पण वास असणे हा पुरेसा इशारा आहे. श्वास घेताना दाबाच्या काट्याकडे पाहा. तो दर श्वासाला खाली-वर हलत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

सर्दी, कानदुखी, दमा, हृदयविकार, फिट्स किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गर्भवतींनी उतरूच नये. दहा वर्षांखालील मुलांना खुल्या समुद्रात नेऊ नये. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये. दहा मीटरवरून वर येताना छातीतली हवा फुगून दुप्पट होते. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळावा. खोल किंवा अनेक डुबक्या घेतल्या असतील, तर लगेच आंबोलीचा घाट चढण्याचीही घाई करू नये. एक रात्र मुक्काम वाढवावा. सोलकढीसाठी तेवढे निमित्त पुरे.

गेल्या हंगामात भाचा पुन्हा माझ्याबरोबर होता. होडीत चढण्यापूर्वी तो टाकीपाशी उकिडवा बसला आणि बोटाने अक्षरे चाचपू लागला. पाठोपाठ रांगेतली एक आजी पुढे वाकली. तिच्याबरोबर बारा-तेरा वर्षांची नात होती. "काय बघतोस रे बाळा?" तिने विचारले. त्याने तारीख दाखवली. आजीने पदर सावरला, होडीवाल्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, आमच्या मुलीची टाकी दाखव बघू."

होडीवाल्याने ती उचलून उन्हात धरली.